उंदराच्या रक्तातले अ‍ॅपो-बी : एका ब्लॉटला खर्च किती?

सिनॉप्सिसमध्ये एक ओळ फार सहज लिहिली जाते : ‘उपचारानंतर उंदरांच्या रक्तातील अ‍ॅपोलायपोप्रोटीन-बी वेस्टर्न ब्लॉटने तपासले जाईल.’ मेथी, लसूण, जवस, आवळा, शेवगा, करडईचे तेल, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या कुठल्याही पदार्थावर काम करायचे ठरले की ही ओळ येतेच. बहुतेक वेळा ती आधीच्या एखाद्या प्रबंधातून उचललेली असते. आजच्या बाजारात या एका ओळीची किंमत साधारण एक लाख रुपये आहे. विद्यार्थ्याला ते कळते प्राण्यांचा प्रयोग सुरू झाल्यावर, स्टोअरमध्ये इंडेंट भरताना. तेव्हा मागे फिरता येत नाही, कारण उंदीर आणलेले असतात, खाद्य सुरू झालेले असते आणि नैतिक समितीची मंजुरी त्याच आराखड्याला मिळालेली असते.

परभणीत हा प्रश्न अनेकांचा आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून इथे आहे आणि त्याचे अन्नतंत्र महाविद्यालय आहे. नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीतले पशुवैद्यक महाविद्यालय आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आता सुरू झाले आहे. यातल्या प्रत्येक ठिकाणी आहार, औषधी वनस्पती आणि रक्तातील चरबी यांवर कुणी ना कुणी काम करत असते किंवा करू पाहते. त्यांच्या हाती पैसा किती असतो? यूजीसीच्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीत विज्ञान शाखेला किरकोळ खर्चासाठी पहिली दोन वर्षे वर्षाला १२,००० आणि पुढे वर्षाला २५,००० रुपये मिळतात. म्हणजे तीन वर्षांचे मिळून ४९,०००. ब्लॉटला लागणारी एक अँटीबॉडी तेवढ्यातच सगळे संपवू शकते. ज्यांना शिष्यवृत्तीच नाही त्यांच्या बाबतीत हा पैसा घरून येतो, आणि मराठवाड्यात घरून म्हणजे सोयाबीन-कापसाच्या पट्टीतून. म्हणून ही खरेदी नीट समजून करायला हवी.

पुढचे दर ढोबळ आहेत. कंपनी, बाटलीचा आकार आणि डॉलरचा भाव यांप्रमाणे ते वर-खाली होतात. अंदाजपत्रक मांडायला ते वापरा, पण ऑर्डर मात्र ताज्या कोटेशनवरूनच द्या.

अँटीबॉडी लागतेच का?

कोलेस्टेरॉलचा रेणू माणसात, म्हशीत आणि उंदरात एकच असतो. त्यामुळे गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये वापरले जाणारे एन्झाइमचे कोलेस्टेरॉल किट उंदराच्या सीरमवरही चालते. एक ते तीन हजार रुपयांच्या किटमध्ये शंभराच्या आसपास चाचण्या होतात, आणि मायक्रोप्लेटमध्ये कमी आकारमानात केल्या तर आणखी जास्त. ट्रायग्लिसराइडचेही तसेच. तुमचा प्रश्न ‘मेथी दिल्यावर कोलेस्टेरॉल उतरले का’ एवढाच असेल तर उत्तर इथेच मिळते. अँटीबॉडी विकत घेण्याची गरज नाही. पदव्युत्तर प्रबंधांपैकी पुष्कळांचा प्रश्न खरोखर एवढाच असतो, आणि तेवढा प्रश्न चांगल्या रीतीने सोडवणे यात काही कमीपणा नाही.

मात्र हिशेब माणसाच्या सूत्राने करू नका. निरोगी माउसचे एकूण कोलेस्टेरॉल डेसिलिटरला साधारण ८० ते १२० मिलिग्रॅम असते आणि त्यातला मोठा वाटा एचडीएलचा असतो. आपल्या रक्तात एचडीएलमधले कोलेस्टेरॉल एलडीएल-व्हीएलडीएलकडे नेणारे सीईटीपी नावाचे प्रथिन आहे. उंदरात ते नाही. त्यामुळे साध्या खाद्यावरच्या माउसच्या रक्तात एलडीएल मुळात थोडेच. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून एलडीएल काढण्याची फ्रीडवाल्ड पद्धत माणसांच्या रक्तावरून बसवलेली आहे. ती उंदराला लावून काढलेला आकडा प्रबंधात छापला जातो, परीक्षकही तो सोडून देतात, पण तो भरवशाचा नसतो.

दुसरी चोरवाट म्हणजे शहरातल्या लॅबमध्ये माणसांची अ‍ॅपो-बी चाचणी काही शे रुपयांत होते, तिथेच उंदराचे सीरम द्यायचे. हे करू नका. कोलेस्टेरॉल सर्व प्राण्यांत एक असले तरी अ‍ॅपो-बी हे प्रथिन आहे आणि प्रत्येक प्राण्यात त्याची घडण थोडी वेगळी आहे. लॅबच्या किटमधली अँटीबॉडी मानवी अ‍ॅपो-बीसाठी निवडलेली असते. यंत्र आकडा छापून देईल, कारण आकडा देणे हेच त्याचे काम, पण त्याला अर्थ नसेल.

अ‍ॅपो-बी खरोखर मोजावे लागते ते प्रश्न कणांचा असेल तेव्हा. एलडीएल किंवा व्हीएलडीएलच्या प्रत्येक कणावर अ‍ॅपो-बीचा एकच रेणू असतो, गाडीला एक नंबर असावा तसा. कोलेस्टेरॉल मोजून माल किती हे कळते, अ‍ॅपो-बी मोजून गाड्या किती हे कळते. यकृत कमी कण बाहेर सोडते का, की बाहेर पडलेले कण लवकर उचलले जातात, असा तुमचा प्रश्न असेल तर अ‍ॅपो-बीला पर्याय नाही. महाधमनीतल्या मेदाच्या थरांवर काम असेल तर अ‍ॅपो-ई लागेल, एचडीएलवर असेल तर अ‍ॅपो-ए-वन. या तिघांची एकेक बाटली घ्यायची म्हटले तर दीड लाख जातात. एक निवडा आणि तोच का, हे सिनॉप्सिसमध्ये दोन वाक्यांत लिहा.

माउसच्या यकृताची खोड

इथे जरा थांबावे लागेल, कारण पैसे सर्वांत जास्त इथे वाया जातात.

अ‍ॅपो-बी दोन आकारांत येते. मोठे बी-१००, सुमारे ४,५०० अमिनो आम्लांचे, पाचशे किलोडाल्टनच्याही वर. लहान बी-४८, मोठ्याच्या सुरुवातीचा साधारण ४८ टक्के भाग, अडीचशे किलोडाल्टनच्या आसपास. जनुक एकच असते. आरएनएमधले एक अक्षर बदलले जाते आणि तिथेच प्रथिनाची साखळी थांबते. माणसात हा बदल आतड्यात होतो आणि यकृत फक्त बी-१०० बनवते. माउस आणि रॅटमध्ये मात्र यकृतातही तो होतो. म्हणून उंदराच्या उपाशीपोटीच्या प्लाझ्मातही दोन्ही पट्टे दिसतात.

आता बाजारातली एखादी अँटीबॉडी बी-१०० च्या शेपटाकडच्या तुकड्यावर बनवलेली असली तर तिला बी-४८ दिसणारच नाही. तुमच्या औषधाने दोहोंचे प्रमाण बदलले असेल आणि अँटीबॉडीला एकच दिसत असेल, तर निष्कर्ष चुकीचा निघेल, आणि ब्लॉट मात्र अगदी स्वच्छ, सुरेख आलेला असेल. म्हणून डेटाशीटवर ‘इम्युनोजेन’ या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहा. सुरुवातीच्या टोकाचा तुकडा असेल तर दोन्ही दिसतील, शेपटाकडचा असेल तर एकच. ‘कंपनीची खासगी माहिती’ असे लिहून रकाना मोकळा सोडलेला असेल तर कंपनीच्या तांत्रिक विभागाला ईमेल करा : ही अँटीबॉडी माउसचे बी-४८ ओळखते का? उत्तर लेखी घ्या. ते आले नाही तर दुसरी कंपनी बघा.

डेटाशीटवर आणखी काय बघायचे

पहिली गोष्ट, माउस की रॅट. विस्टार आणि स्प्रेग-डॉली हे रॅट, तर स्विस अल्बिनो, बाल्ब-सी आणि काळे सी-५७ हे माउस. डेटाशीटवर तुमच्या प्राण्याचे नाव ‘तपासलेले’ या शब्दासह असायला हवे. ‘अपेक्षित’ किंवा ‘साम्यावरून अंदाज’ असे असेल तर जोखीम तुमची.

दुसरी, ही अँटीबॉडी कुठल्या प्राण्यात तयार केली. माउसच्या प्लाझ्मावर माउसमध्ये बनवलेली मोनोक्लोनल वापरू नका. तिला पकडायला येणारी दुय्यम अँटीबॉडी उंदराच्या स्वतःच्या आयजीजीलाही पकडते, आणि प्लाझ्मा तर आयजीजीने भरलेलाच. ५० आणि २५ किलोडाल्टनला जाड पट्टे उमटतात. अ‍ॅपो-ए-वन २८ किलोडाल्टनला येते, म्हणजे त्या खालच्या पट्ट्याच्या अगदी शेजारी. कुठला पट्टा कुणाचा हे सांगता येत नाही. ससा किंवा शेळीत बनवलेली घ्या. त्यातही ससा उत्तम, कारण सशाच्या अँटीबॉडीला लागणारी दुय्यम अँटीबॉडी जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये आधीच असते आणि तिचे आठ-दहा हजार रुपये वाचतात. शेळीची घेतली तर ब्लॉकिंगला दूध पावडर चालत नाही. शेळीविरोधी दुय्यम अँटीबॉडी गाईच्या दुधातल्या प्रथिनांनाही चिकटते आणि सगळा पडदा काळा होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे पुरावा. अ‍ॅपो-ईसाठी तो सोपा आहे. अ‍ॅपो-ईचे जनुक काढून टाकलेले माउस १९९२ मध्ये अमेरिकेत दोन गटांनी स्वतंत्रपणे तयार केले आणि आज जगभर ते वापरले जातात. चांगल्या कंपनीच्या डेटाशीटवर या उंदरांच्या नमुन्यात पट्टा नाहीसा झालेला चित्रासह दाखवलेला असतो. असे चित्र नसलेली अ‍ॅपो-ई अँटीबॉडी घ्यायचे काही कारण उरलेले नाही. अ‍ॅपो-बीचे तसे नाही. ते जनुक पूर्ण काढले तर माउसचे पिल्लू गर्भातच मरते, म्हणून तिथे आकारावर आणि दोन पट्ट्यांवर भिस्त ठेवावी लागते.

हा आग्रह का, तर अँटीबॉडीच्या बाजारात माल खात्रीचा नसतो. मेंदूशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ अँटीबॉडी एका आंतरराष्ट्रीय गटाने जनुक काढलेल्या पेशींवर शेजारी-शेजारी तपासल्या. निकाल समोर आल्यावर अपेक्षेला न उतरलेल्यांपैकी सुमारे २० टक्के कंपन्यांनी बाजारातून काढून घेतल्या आणि सुमारे ४० टक्क्यांच्या वापराच्या शिफारशी बदलल्या.  नामांकित कंपन्यांचा मालही त्यात होता. महाग म्हणजे खात्रीची असे या बाजारात धरून चालता येत नाही.

जुन्या शोधनिबंधातला कॅटलॉग क्रमांक डोळे मिटून उतरवू नका, हेही त्यातच आले. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या उंदीर-लायपोप्रोटीनच्या निबंधांत सांताक्रूझ बायोटेक्नॉलॉजीच्या शेळीतल्या पॉलिक्लोनल अँटीबॉडी वारंवार दिसतात. या कंपनीवर शेळ्या-सशांच्या देखभालीबद्दल अमेरिकेच्या कृषी खात्याने आरोप ठेवले. २०१६ मध्ये ते मान्य वा अमान्य न करता कंपनीने ३५ लाख डॉलर भरून तडजोड केली आणि तिचा प्राण्यांच्या व्यवहाराचा परवाना रद्द झाला. त्या पॉलिक्लोनल आता मिळत नाहीत. त्याच क्रमांकाच्या जागी डीलर जी ‘समकक्ष’ म्हणून देतो ती बऱ्याचदा माउस मोनोक्लोनल असते, म्हणजे वर सांगितलेली अडचण पुन्हा दारात. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याने आणखी एक लक्षात ठेवावे. पॉलिक्लोनलची प्रत्येक बाटली कुठल्या तरी जिवंत प्राण्याच्या रक्तातून येते, आणि तो प्राणी बदलला की लॉट बदलतो. रिकॉम्बिनंट अँटीबॉडी पेशींत बनते आणि तिच्या लॉटमध्ये सहसा फरक पडत नाही. दर जवळपास सारखे असतील तर रिकॉम्बिनंट घ्या.

बेरीज

आता २४ उंदरांचा प्रयोग धरू. पंधरा खणांच्या जेलमध्ये लॅडर आणि नियंत्रण नमुने सोडून बारा नमुने बसतात. म्हणजे दोन जेल. तीनदा केले तर सहा ब्लॉट.

प्राथमिक अँटीबॉडी, १०० मायक्रोलिटर : परदेशी कंपनीची साधारण ३५,००० ते ५५,००० रुपये. एकास हजार प्रमाणात दहा मिलिलिटर द्रावणाला दहा मायक्रोलिटर लागते, म्हणून सहा ब्लॉटना साठ. चाळीस शिल्लक राहते. बऱ्याच कंपन्या वीस मायक्रोलिटरची चाचणी-बाटली निम्म्याहून कमी दरात देतात. वीसमध्ये दोन ब्लॉट होतात. पडदा पाकिटात सील करून पाच मिलिलिटरवर भागवले तर चार होतात. पहिली खरेदी नेहमी या छोट्या बाटलीची करा. अँटीबॉडी चालली तरच मोठी घ्या. डीलर छोटी बाटली आपणहून सांगत नाही, ती नाव घेऊन मागावी लागते.

दुय्यम अँटीबॉडी ८,००० ते १५,००० रुपये. ती एकास पाच-दहा हजार प्रमाणात लागते, त्यामुळे एक बाटली विभागाला कित्येक वर्षे पुरते. शेजारच्या विभागात असेल तर पन्नास मायक्रोलिटर मागून आणा, विकत घेऊ नका.

प्रकाश देणारा सबस्ट्रेट ८,००० ते २०,०००. त्याला इमेजर लागतो, नाहीतर एक्स-रे फिल्म आणि अंधारी खोली. दोन्ही नसेल तर पडद्यावर थेट रंग उमटवणारा डीएबी किंवा टीएमबी काही हजारांत येतो. सूक्ष्म मोजमापाला तो कमी पडतो, पण प्लाझ्मातले अ‍ॅपो-बी इतके मुबलक असते की पट्टा दिसायला अडचण येत नाही.

लॅडरचा खर्च बहुतेक जण विसरतात. नेहमीचे रंगीत लॅडर २५० किलोडाल्टनवर संपते, म्हणजे बी-४८ त्याच्या टोकाशी येते आणि बी-१०० त्याच्या बाहेर जाते. चारशे-साडेचारशेच्या पुढे जाणारे उच्च वजनाचे लॅडर वेगळे घ्यावे लागते, दहा-बारा हजार रुपयांच्या घरात. जेलही नेहमीचे दहा-बारा टक्क्यांचे चालत नाही, चार-पाच टक्क्यांचे हवे. तयार जेल महाग पडतात, दहाचा डबा पंधरा-वीस हजारांना. हाताने ओतलेले चार टक्क्यांचे जेल लिबलिबीत असते आणि उचलताना फाटते, पण त्याचा खर्च नगण्य. सराव करा. ट्रान्सफर रात्रभर, थंडीत, कमी मिथेनॉलमध्ये. अर्ध्या तासाच्या सेमी-ड्रायमध्ये इतके मोठे प्रथिन जेलमध्येच अडकून राहते, आणि दोष मात्र अँटीबॉडीला दिला जातो.

पडदा आणि बफर मिळून दहा हजार धरा. एक बचत हमखास आहे : प्लाझ्माच्या ब्लॉटला बीटा-अ‍ॅक्टिनची अँटीबॉडी घेऊ नका. अ‍ॅक्टिन पेशीच्या आतले प्रथिन आहे, प्लाझ्मात त्याच्याशी तुलना करण्याला अर्थ नाही. समान आकारमान लोड करा आणि पडदा पॉन्सो-एसने रंगवून त्याचा फोटो ठेवा. वीस-पंचवीस हजार वाचले.

या सगळ्याची बेरीज, काहीच उसने मिळाले नाही तर, साधारण सत्तर हजार ते एक लाख तीस हजार. वर जीएसटी. पंचेचाळीस हजारांच्या बाटलीवर १८ टक्के लागला तर ८,१०० रुपये होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे टप्पे बदलले आणि १२ टक्क्यांचा टप्पा जवळजवळ संपला. त्यामुळे जुने कोटेशन असेल तर ते नव्याने घ्या आणि प्रत्येक वस्तूपुढे एचएसएन क्रमांक व कराचा दर छापून मागा. संशोधन संस्थांना पूर्वी मिळणारी जीएसटीची खास सवलत जुलै २०२२ मध्ये काढली गेली. जुन्या अंदाजपत्रकांतून पाच टक्के उचलून लिहिणारे तिथे अडकतात.

एलायझा किटचे गणित

इमेजर नाही, वेळ नाही, सराव नाही आणि फक्त प्रमाण मोजायचे आहे, अशा वेळी माउस अ‍ॅपो-बीचे एलायझा किट सरळ पडते. ९६ खणांतले सोळा स्टँडर्डला गेले की ऐंशी उरतात, म्हणजे दुहेरी वाचनाने चाळीस नमुने. किट ४०,००० ते ८०,००० रुपयांना मिळते. नमुन्याला हजार ते दोन हजार पडतात आणि २४ उंदरांना एक किट पुरते. रक्तही थोडे लागते. पंचवीस ग्रॅमच्या माउसच्या अंगात एकूण रक्तच दोन मिलिलिटरच्या आत असते आणि जिवंतपणी एका वेळी ०.२ मिलिलिटरपेक्षा जास्त काढू नये, तेव्हा ही मोठी सोय आहे. तोटा असा की बी-१०० आणि बी-४८ वेगळे दिसत नाहीत.

पंचवीस-तीस हजारांत मिळणारी किटे आहेत आणि एकच किट चार नावांनी विकले जाताना दिसते. ती घेण्यापूर्वी एक परीक्षा ठरवून ठेवा : एकच नमुना दुप्पट, चौपट, आठपट पातळ करून मोजला तर मूळ आकडा तोच निघायला हवा. निघाला नाही तर किट परत करण्याची अट खरेदी आदेशात लिहा. पूर्ण प्लेट वापरून झाल्यावर तक्रार केली तर कुणी दाद देत नाही.

मे महिन्यात मागवू नका

परभणीचा उन्हाळा सांगायला नको. पारा बेचाळीस-चव्वेचाळीसवर असताना पुणे, मुंबई किंवा हैदराबादहून निघालेला थर्माकोलचा डबा शनिवारी कुरिअरच्या गोदामात पोचला तर सोमवारपर्यंत तिथेच राहतो. जेल-पॅकमधून आलेली अँटीबॉडी एका दिवसाच्या उबेने सहसा मरत नाही, पण एलायझाची स्टँडर्ड आणि एन्झाइमचे भाग नाजूक असतात. माल आठवड्याच्या सुरुवातीला रवाना करण्याची अट घाला, डबा घेतानाच पॅक थंड आहे का पाहा, फोटो काढा आणि मगच सही करा. शक्य असेल तर मागणी दिवाळीनंतर टाका. आयात व्हायला महिना-दोन महिने जातात आणि माल थंडीत हाती पडतो.

आल्या दिवशी बाटली दहा-दहा मायक्रोलिटरच्या नळ्यांत वाटून उणे वीसला ठेवा. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीज यासाठी चालत नाही, कारण तो रोज थोडे गरम-थंड करतो. वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त दिवे चालतात आणि डीप फ्रीजर बंद राहतो अशी मांडणी असेल तर ती आधी बदलून घ्या. फ्रीजरमध्ये गोठलेल्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या तर काही तास निभावतात. द्रावण टिकवायला सोडियम अझाइड घालतात, पण एचआरपी जोडलेल्या दुय्यम अँटीबॉडीत ते चुकूनही घालू नका. त्याने एन्झाइमच बंद पडते.

परभणीत अँटीबॉडी बनवता येईल का?

पशुवैद्यक महाविद्यालय असलेल्या गावात हा प्रश्न विचारायलाच हवा. सशाला माउसचे अ‍ॅपो-बी टोचायचे, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टोचायचे, तीन महिन्यांनी सीरम घ्यायचे. हे काम पशुवैद्यकाच्या हातचे आहे. अडचण शुद्ध प्रथिन मिळवण्याची. एलडीएल घनतेवरून, अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये वेगळे करतात, पण माउसमध्ये त्याच घनतेत अ‍ॅपो-ईने भरलेले मोठे एचडीएल कणही येतात. त्यामुळे मग जेलवरचा अ‍ॅपो-बीचा पट्टाच कापून टोचावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे पंधरा-वीस अमिनो आम्लांचा पेप्टाइड निवडून देशातल्या सेवा कंपनीकडून सशात करून घेणे, ज्याला साधारण लाखभर रुपये लागतात. एका प्रबंधासाठी हे करू नये, वर्ष त्यातच जाईल. पण एखादा विभाग दहा वर्षे हाच विषय चालवणार असेल, तर एका सशाचे वीस-तीस मिलिलिटर सीरम कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना पुरते आणि माझ्या मते हाच पैशाचा उत्तम उपयोग आहे. प्राणी नैतिक समितीची मंजुरी सशासाठी वेगळी लागते, हे विसरू नये.

बाहेरच्या यंत्रांवर काम करून घ्यायचे असेल तर केंद्र सरकारचे आय-स्टेम हे पोर्टल पाहा. देशभरातल्या प्रयोगशाळांतली उपकरणे आणि त्यांचे विद्यार्थ्यांसाठीचे दर तिथे मिळतात. मास स्पेक्ट्रोमेट्रीने अँटीबॉडीशिवायही अ‍ॅपो-बी ओळखता येते. नमुन्याला काही हजार पडतात, म्हणून ते सर्व उंदरांवर करू नये. आपल्या ब्लॉटमधला पट्टा खरोखर अ‍ॅपो-बीचाच आहे, हे एका नमुन्यावर सिद्ध करायला ते फार उपयोगी पडते, आणि परीक्षक त्यापुढे दुसरा पुरावा मागत नाहीत.

कोटेशन घेताना

किमान तीन कोटेशन घ्या. त्यातले एक कंपनीच्या भारतातल्या कार्यालयाचे असू द्या, कारण डीलरची सूट कुठल्या मूळ किमतीवर धरली आहे ते त्यावरूनच कळते. कॅटलॉग क्रमांक, आकार, कोणत्या प्राण्यात बनवली, लॉट क्रमांक, मुदत, वाहतूक खर्च आणि कर हे सगळे लेखी असावे. ‘माउसच्या प्लाझ्मावर वेस्टर्नमध्ये न चालल्यास बदली अथवा परतावा’ हे वाक्य खरेदी आदेशात घाला. चांगल्या कंपन्या ही हमी आधीच देतात, फक्त डेटाशीटवर लिहिलेला प्राणी आणि वापर यांपुरतीच. म्हणूनच तो रकाना वाचायचा. निधी मार्चअखेरपर्यंत संपवायचा असेल तर ऑर्डर डिसेंबरच्या पुढे नेऊ नका. आयात लांबली तर पैसे परत जातात आणि उंदरांचे सीरम फ्रीजरमध्ये पडून राहते.

गाइडनाही एक विनंती. सिनॉप्सिसवर सही करण्याआधी विद्यार्थ्याला कोटेशन जोडायला सांगा. ते फुकट मिळते आणि आठ दिवसांत येते. आणि परभणीतल्या कृषी, पशुवैद्यक व वैद्यकीय महाविद्यालयांनी आपापल्या फ्रीजरमध्ये शिल्लक असलेल्या अँटीबॉडींची एक सामाईक यादी ठेवावी : नाव, लॉट, किती मायक्रोलिटर उरली, कुठल्या प्राण्यावर चालली. शंभराच्या बाटलीतली चाळीस मायक्रोलिटर पुढच्या विद्यार्थ्याच्या चार ब्लॉटना पुरते.